एरर आली ते बरं झालं

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर अंगणवाडीताई मुलांचा दंडघेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, तर मूल 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित. अशा नोंदी तपासणारा पायथॉनचा एक प्रोग्राम मी सांभाळतो.

त्यात 'बालक' हा मूळ क्लास. त्याची दंडघेराची मेथड 'फ्लोट', म्हणजे दशांश आकडा देते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही कसोटी लागू नव्हती, म्हणून 'तान्हं' या उपक्लासमध्ये तीच मेथड 'नन' देत होती; म्हणजे काहीच नाही. पुढे ११.५शी तुलना करायची वेळ आली आणि प्रोग्राम थांबला: टाइपएरर, 'नन' आणि 'फ्लोट' यांची तुलना होत नाही.

ट्रेसबॅक, म्हणजे एररचा माग, ज्या ओळीकडे बोट दाखवत होता, तिचा यात काही दोष नव्हता. तिथेच 'नन असेल तर शून्य धरा' असं लिहिलं की एरर जाते, पण पाड्यावरची सगळी तान्ही बाळं सॅमच्या यादीत जातात. शून्याऐवजी वीस धरले, तर खरोखर खंगलेलं बाळही ठणठणीत ठरतं. दोन्ही वेळा प्रोग्राम बिनतक्रार चालतो. म्हणून टाइपएरर दिसली की मला हायसं वाटतं.

मग मी वस्तूचा खरा क्लास कोणता ते छापून बघतो आणि वारशाची साखळी चढत मूळ क्लासपर्यंत जातो. टाइप लिहून ठेवलेले असले, तर मायपाय हे साधन प्रोग्राम न चालवताच उपक्लासची विसंगती दाखवतं. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ साली व्याख्यानात मांडलेला नियम हाच: मूळ प्रकाराची वस्तू जिथे चालते, तिथे उपप्रकाराचीही चालली पाहिजे. 'बालक'ने आकडा कबूल केला असेल, तर 'तान्हं'ला हात वर करता येत नाहीत. म्हणून दंडघेर 'बालक'मधून काढला आणि सहा महिन्यांवरच्या मुलांच्या क्लासमध्ये ठेवला. तान्ह्यांची पडताळणी वजन आणि लांबीवर, वेगळी.

याहून अवघड चूक एरर न देणारी. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून लांबी घेतात, त्यापुढे उभं करून उंची. एकाच मुलाच्या या दोन मापांत साधारण ०.७ सेंमीचा फरक पडतो. दोन्ही फ्लोट, त्यामुळे पायथॉन त्यांची खुशाल सरमिसळ करतो. मी त्यांना फ्लोटचा वारसा न देता दोन स्वतंत्र क्लास केले. आता लांबी उंचीपेक्षा कमी की जास्त अशी थेट तुलना केली की टाइपएरर येते. ताईंनी ज्या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या, त्या कोडमध्येही वेगळ्याच राहिल्या पाहिजेत.