दारामागच्या रेघा

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी सकाळची मिस्सा आटोपून मी घरी आले, ओली छत्री पडवीत उघडून ठेवली, तोच थोरल्या लेकीचा न्यू जर्सीहून फोन आला. तिकडे शनिवारची रात्र सरत आली होती. मुले झोपली होती आणि तिला निवांतपणे बोलायचे होते. इकडचे तिकडचे झाल्यावर ती म्हणाली, "आई, तुला एक विचारायचं होतं. मुलांना फ्लोरिडाला न्यायचं म्हणतोय. पण धाकटा अजून तीनचाही नाही. तो जरा मोठा होईपर्यंत थांबावं का?"

प्रश्न साधा होता. फ्लोरिडात ऑर्लँडो शहराजवळ डिस्नेचे ते विख्यात मनोरंजननगर आहे. १९७१ साली तेथे पहिले उद्यान उघडले आणि आज अशी चार उद्याने तेथे आहेत. तेथील खर्च काही थोडाथोडका नव्हे. विमान, निवास, प्रवेशाची तिकिटे यांची बेरीज केली की मध्यमवर्गीय संसाराला असा प्रवास एकदाच झेपतो, आणि जे एकदाच करायचे ते योग्य वेळी व्हावे असे कोणत्याही आईबापाला वाटणारच. माझी नात साडेदहा वर्षांची, नातू पावणेतीन वर्षांचा. जावयांचे म्हणणे असे, की चार वर्षे थांबावे. तोवर धाकट्याला सारे कळू लागेल, सर्व पाळण्यांत बसता येईल आणि पुढे ते आठवेलही. लेकीलाही ते पटत होते. तिला फक्त माझा होकार हवा होता.

तो मला देता येईना. "उद्या सांगते," असे म्हणून मी फोन ठेवला. कारण हेच वाक्य, अगदी ह्याच शब्दांत, मी १९९० साली तिला ऐकवले होते.

त्या वेळी ती दहा वर्षांची होती आणि तिचा भाऊ तीन वर्षांचा. आदल्याच वर्षी, म्हणजे १९८९ साली, गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले होते. त्याची जाहिरात दूरदर्शनवर लागली, की मुले हातातला घास हातात ठेवून पडद्याकडे पाहत. त्या जाहिरातीतील गाणे आमच्या वाडीतल्या पोरासोरांच्याही तोंडी झाले होते. वर्गातल्या दोन-तीन मुली जाऊन आल्या आणि आमच्या लेकीने हट्ट धरला. हट्ट म्हणजे तरी काय, तिने एकदा विचारले, दुसऱ्यांदा विचारले. तिसऱ्यांदा विचारणाऱ्यांतली ती नव्हतीच.

मुलांच्या बाबांनी लगेच मार्ग काढला. म्हणाले, "एखाद्या रविवारी मी हिला एकटीला घेऊन जातो. बोरिवलीपर्यंत गाडी, तिथून बस, मग खाडीतून होडी. संध्याकाळी परत." मी मोडता घातला. एकीला न्यायचे आणि दुसऱ्याला घरी ठेवायचे, हे मला अन्यायाचे वाटले. शिवाय शिक्षिकेचा पगार आणि त्यांचा पगार मिळून चालणाऱ्या घरात एकच सहल दोनदा कशाला करायची, हाही हिशेब होताच. मी लेकीला जवळ बसवून समजावले, "भाऊ जरा मोठा होऊ दे, मग आपण सगळे मिळून जाऊ. तू मोठी आहेस ना?" तिने मान हलवली. ह्यांनी माझ्याकडे पाहिले आणि वर्तमानपत्र उघडले.

बापलेकीची एक मजा मात्र ठरलेली होती. सप्टेंबरात बांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेला आम्ही दर वर्षी जात असू. डोंगरावर मेणबत्त्या वाहून झाल्या, की खाली दुकानांच्या गर्दीतून वाट काढीत ती दोघे रहाटपाळण्याकडे जात. मी धाकट्याला कडेवर घेऊन खाली उभी राहत असे. पाळणा वर गेला की ती दोघे हात हलवीत आणि खाली आला की तिचे हसणे ऐकू येई. त्या पाळण्याला ना उंचीची अट होती, ना वयाची. बापाच्या कुशीत बसण्याएवढे मूल झाले, की ते पाळण्यात बसण्याएवढे झाले, असा साधा हिशेब होता.

'भाऊ मोठा होऊ दे' ह्या वाक्याला मात्र पाच वर्षे लागली. एका वर्षी त्याला गोवर आला, एका वर्षी घराचे छप्पर काढले, एका वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. अखेर १९९५ च्या मे महिन्यात आम्ही चौघे गोराईची खाडी ओलांडून गेलो. मुलगा आठ वर्षांचा झाला होता. तो दिवसभर ह्या पाळण्यावरून त्या पाळण्याकडे धावत होता, आणि त्याचे बाबा त्याच्यामागे. लेक पंधरा वर्षांची होती, नुकतीच दहावीची परीक्षा देऊन बसलेली. ती माझ्याशेजारी बाकावर बसून राहिली. मांडीवर भावाच्या चपला, पाण्याची बाटली आणि डब्यांची पिशवी. मी दोन-तीनदा म्हटले, "जा ना, तूही बस." ती म्हणाली, "नको आई, तू दमलीस. मी सामान सांभाळते." पंधराव्या वर्षी मुलींना पाळण्यात बसावेसे वाटत नाही, असे नव्हे. आजूबाजूला तिच्या वयाच्या कितीतरी मुली किंचाळत, हसत होत्या. परंतु पाच वर्षे 'तू मोठी आहेस' हे ऐकून ती खरोखरच मोठी झाली होती. त्या दिवशी मला ते कळले नाही. उलट, मुलगी किती समंजस आहे, असे घरी आल्यावर मी शेजारणीला कौतुकाने सांगितले.

ते कळले तेरा वर्षांनी. २००८ साली तिच्या लग्नाआधी घराला रंग काढायचा होता. मुलांच्या खोलीचे दार रंगाऱ्याने बिजागरीतून काढून अंगणात आणले आणि मला हाक मारली. दाराच्या मागच्या बाजूला, जेथे कोणाची नजर जात नाही तेथे, पेन्सिलीने आडव्या रेघा ओढलेल्या होत्या. प्रत्येक रेघेपुढे तारीख होती. अक्षर लेकीचे, बालपणातले. सर्वांत वर एक जाड रेघ आणि तिच्यापुढे लिहिले होते, 'चार फूट. इथपर्यंत.' कोणा मैत्रिणीने तिला सांगितले असावे, की तेथे उंची मोजून आत सोडतात. त्या रेघा तिच्या उंचीच्या नव्हत्या, भावाच्या होत्या. १९९० च्या जूनपासून, जवळजवळ दर महिन्याला, ती त्याला दाराला टेकवून उभा करीत होती आणि तो किती वाढला हे पाहत होती. शेवटची रेघ १९९३ च्या जूनमधली. ती चार फुटांच्या खालीच होती. त्यानंतर तिने मोजणे सोडून दिले होते.

मी रंगाऱ्याला म्हटले, "ही बाजू राहू दे." लेकीजवळ तो विषय काढण्याचे धैर्य मला झाले नाही. तिचे बाबा २००१ सालीच गेले होते. ज्या एका रविवारी बापलेक दोघेच जाणार होती, तो रविवार मीच काढून घेतला होता आणि आता तो परत देण्याचा मार्ग उरला नव्हता.

फोन ठेवल्यावर त्या रविवारी मी त्या दारापाशी बराच वेळ उभी राहिले. मग शिक्षिकेच्या जुन्या सवयीने कागद घेऊन दोन्ही बाजू लिहून काढल्या.

आठवणीचा मुद्दा खराच आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे काहीही बहुतेकांना मोठेपणी आठवत नाही, हे मानसशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. पाचव्या वर्षी मुलाला तिसऱ्या वर्षीची गोष्ट सांगता येते. परंतु सात-आठ वर्षांचे होता होता ती पुसट होते. आठवणीसाठीच न्यायचे असेल, तर धाकट्यावरचा खर्च वाया जाणार. परंतु मग पावणेतीन वर्षांच्या मुलाला आपण समुद्रावर तरी का नेतो? त्याच्या वाढदिवसाचा केक तरी कशाला कापतो? त्या दिवसाचा आनंद त्या दिवसापुरता असतो, आणि पुढे तो आईबापांच्या व भावंडांच्या आठवणीत राहतो. शिवाय त्याचे तिकीट लागणार नव्हते. तेथे तीन वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो. दहा वर्षांच्या मुलाला मात्र मोठ्यांचेच तिकीट पडते. उद्यानाच्या लेखी नात केव्हाच मोठी झाली होती.

दुसरा मुद्दा उंचीचा. तेथे वय विचारीत नाहीत, उंची पाहतात. अंधारातून धावणाऱ्या 'स्पेस माउंटन' ह्या गाडीसाठी ४४ इंच, म्हणजे सुमारे ११२ सेंटिमीटर उंची लागते. एवढी उंची मुले सामान्यतः साडेपाच-सहा वर्षांच्या सुमारास गाठतात. उडत्या हत्तीच्या पाळण्याला, होडीतून बाहुल्या पाहण्याच्या फेरीला आणि अशा अनेक खेळांना मात्र उंचीची अटच नाही. मोठ्या खेळांच्या ठिकाणी एक सोयही आहे. एका पालकाने लहानग्याला सांभाळावे, दुसऱ्याने मोठ्या मुलासह जाऊन यावे, आणि मग पुन्हा लांब रांगेत न थांबता दोघांनी अदलाबदल करावी. ह्यांना १९९० साली हेच सुचले होते, फक्त त्यांच्याजवळ तसा फलक नव्हता.

तिसरी गोष्ट मला वॉल्ट डिस्नेंविषयी ठाऊक होती. आपल्या दोन मुलींना ते लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये फिरत्या घोड्यांवर बसवायला नेत आणि स्वतः बाकावर बसून शेंगदाणे खात. आईबाप आणि मुले यांना एकत्र खेळता येईल अशी एखादी जागा असावी, हा विचार त्यांना त्या बाकावर सुचला, असे ते सांगत. पुढे १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. ते वाचले तेव्हा मला गोराईचा बाक आठवला. त्या बाकावर लहान मुलांबरोबर खेळू न शकणारा बाप नव्हता, पंधरा वर्षांची मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला फोन केला. आधी दाराचे सांगितले. ते आपण पाहिले होते, रंगवू दिले नाही, आणि सतरा वर्षे बोललो नाही, हेही सांगितले. म्हटले, "तुझ्या बाबांचं बरोबर होतं. मी चुकले." पलीकडे काही क्षण शांतता होती. मग ती म्हणाली, "आई, मला मोत माउलीचा पाळणा मिळाला होता. तेवढा पुष्कळ होता. पण 'नंतर' हा शब्द मला अजून आवडत नाही." थोड्या वेळाने तिनेच विचारले, "आणि बघ ना, काल मी तोच शब्द वापरत होते."

नोव्हेंबरच्या आरंभी नातीच्या शाळेला चार दिवस सुट्टी होती, तेव्हा ती सारी गेली. सर्व गोड झाले असे नाही. मोठ्या कानांचा तो उंदीर समोर येताच नातवाने आकांत मांडला आणि दोन दिवस त्या दिशेने पाऊल टाकले नाही. दुपारी त्याला झोप हवी असे, म्हणून रोज जेवणानंतर जावई त्याला घेऊन मुक्कामी परतत. रात्रीची आतषबाजी त्याने बाबागाडीत गाढ झोपून घालवली. त्याला ह्यातले काहीही आठवणार नाही.

परंतु त्या दुपारी मायलेकी दोघीच असत. एक छायाचित्र लेकीने मला पाठवले आहे. 'स्पेस माउंटन'च्या गाडीत माणसे एकामागे एक बसतात. ते वेगाने धावताना कॅमेरा आपोआप टिपतो. पुढे नात, डोळे गच्च मिटलेले. तिच्यामागे माझी लेक, पंचेचाळीस वर्षांची, तोंड उघडे, केस उडालेले, दोन्ही हात वर. पाळणा वर गेल्यावर ती तसेच हात वर करीत असे.

मुलांना केव्हा न्यावे, असे कोणी तरुण आईबाप मला विचारतात, तेव्हा मी वयाचा आकडा सांगत नाही. धाकट्याला काय झेपेल ते पाहा, दुपारची झोप मोडू नका, भीती वाटली तर ओढून नेऊ नका, हे सांगतेच. लांबचा प्रवास परवडत नसेल, तर जत्रेतल्या पाळण्याचाही तेवढाच मान आहे, हेही सांगते. पण सर्वांत आधी विचारते, की घरात थांबून राहिलेले मूल कोणते आहे? धाकट्याच्या वाढीकडे आपण सारेच डोळे लावून बसतो. त्या काळात थोरल्याचेही बालपण संपत असते, आणि ते मूल समजूतदार असेल तर तक्रारही करीत नाही. दोघांना एकाच दिवशी एकच सुख देणे म्हणजे न्याय, असे मी समजत होते. ज्याची वेळ आली आहे त्याला त्याच्या वेळी देणे, हाही न्यायच.

दार अजून तसेच आहे. पुढच्या उन्हाळ्यात मुले यायची आहेत. नातीला मी त्या दारापाशी उभी करणार आहे आणि ह्या वेळी रेघ तिच्या डोक्यावर ओढणार आहे.