कानांची मजुरी

भिंतीलाही कान असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या कानांना मजुरी कोण देते? मिहानमध्ये नोकरीला असलेला माझा भाचा परवा म्हणाला, "मामा, अमेरिकेत सरकारने कुणाचा टेलिफोन ऐकला, की कंपन्या सरकारला बिल लावतात. एफबीआयने बिले थकवली म्हणून काही जोडण्या कंपन्यांनी चक्क तोडल्या, असे 2008 च्या सरकारी तपासणीतच निघाले!"

"आणि आपल्याकडे?"

"परवान्यातच अट आहे. कंपनीकडची यंत्रे कंपनीच्या खर्चाने, तिथून सरकारी केंद्रापर्यंतची लाइन सरकारच्या."

म्हणजे एक वाटा माझ्या बिलातून, दुसरा माझ्या करातून. खिसे दोन, सदरा एकच!

तरी मी म्हणतो, बिल असावे. बिल आले की नोंद आली. फुकटच्या कानांची मोजदाद कोण ठेवतो? गृहसचिवाचा लेखी हुकूम हवा, तोही 2 महिन्यांचा, फार तर 6, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली बजावले. 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने असे 3 हुकूम रद्दही केले.

आमच्या सौभाग्यवती माहेरी तासभर बोलतात. त्यात सरकारच्या उपयोगाचे काहीही नसते. पण ते बोलणे त्यांचे आहे, एवढे पुरे नाही का?