शून्याचा तीन होतो तेव्हा

ड्रोनने गावठाण टिपताना जमिनीवरच्या ५ सेंटिमीटरला एक पिक्सेल धरला, तर १ चौरस किलोमीटरला ४० कोटी पिक्सेल लागतात. तीन रंगांचे मिळून १.२ जीबी. चार चौरस किलोमीटर झाले की साध्या टिफची ४ जीबीची वेस ओलांडली. फाइल दाबणं आलंच.

यासाठी १९९०च्या दशकात दोन नावं पुढे आली: लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत मूळ असलेलं लिझार्डटेकचं मिस्टर सिड, आणि पर्थच्या अर्थ रिसोर्स मॅपिंगचं ईसीडब्ल्यू. दोन्हींचा गाभा वेव्हलेट. जेपेग चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडतं. जास्त दाबलं की त्या चौकोनांच्या रेषा छपरांवर उमटतात. वेव्हलेट चित्राचा ढोबळ भाग आणि बारकावे वेगळे ठेवतं, त्यामुळे तालुकाभर चित्र उघडायला फक्त ढोबळ भाग वाचला तरी भागतं. दोन्ही कंपन्या पेटंटवरून अमेरिकेच्या कोर्टातही भांडल्या.

नकाशा करणाऱ्याचा खरा जीव जातो तो काठावर. ऑर्थोफोटोची, म्हणजे नकाशाच्या मापात बसवलेल्या हवाई चित्राची, कड वेडीवाकडी असते. उरलेल्या चौकटीत शून्य भरतात, म्हणजे ‘इथे माहिती नाही’. दाबताना बारकावे गाळले जातात आणि कडेच्या शून्याचे दोन, तीन, पाच होतात. डोळ्याला ते काळंच दिसतं. पण सॉफ्टवेअर फक्त शून्यालाच पारदर्शक मानतं, त्यामुळे दोन तुकडे शेजारी लावले की मधून काळी ठिपकेदार किनार धावते. क्लायंटला आधी तीच दिसते, हे वेगळं सांगायला नको!

सरसकट दोष दाबण्याला देऊन चालत नाही. सेंटिनेल-२ उपग्रहांची १०,९८० पिक्सेल लांब-रुंद दृश्यं जेपेग २०००मध्येच मिळतात, आणि त्या पद्धतीत एकही आकडा न गमावता दाबता येतं. क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफमध्ये जेपेग वापरलं, तरी पारदर्शकतेचा मुखवटा वेगळा आणि अचूक राहतो. नव्या कामाला हाच पर्याय शहाणपणाचा. मुखवटा नसलेल्या जुन्या फायलींसाठी जीडॅल या सॉफ्टवेअर-संचात ‘निअरब्लॅक’ नावाचं हत्यार आहे. ते कडेकडून आत येत, काही बदल न सांगितल्यास काळ्यापासून १५पर्यंतच्या छटा शून्य करतं. मात्र कडेला लागून विहिरीची गडद सावली असेल, तर तीही त्यात साफ होते.