स्वस्त यंत्र, महाग पान

धाकटी बहीण लग्न होऊन वैनगंगेकाठी, मध्य प्रदेशातल्या बालाघाटला गेली. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेले, तर घरात एकच विषय: लग्नपत्रिका छापायला रंगीत लेझर प्रिंटर घ्यायचा. तिने भिशीचे पैसे त्यासाठीच जपले होते. चातुर्मासात लग्ने नसतात. यंत्र पडून राहिले तर शाई वाळते, टोनरची भुकटी वाळत नाही. म्हणून लेझरच, हे मलाही पटले. भावजींनी सर्वांत स्वस्त यंत्र हेरले होते.

मी विचारले, "टोनर केवढ्याला?"

चार रंगांचे चार टोनर. नव्या यंत्रासोबतचे बहुधा कमी भरलेले. खोक्यावरचा पानांचा आकडा दर रंगाला पानाचा सुमारे ५ टक्के भाग धरून काढलेला; गणपती, तोरण, रंगीत किनार आली की तो भराभर उतरतो. रात्री वहीत मांडले: टोनरची किंमत भागिले पाने, चारही रंगांची बेरीज, वर ड्रम आणि कागद. स्वस्त यंत्राचे पानच महाग निघाले! शेवटी मोठ्या टोनरचे यंत्र ठरले. त्यासाठी आणखी दोन महिने थांबायचे.

बहीण हिरमुसली. मग स्वतःच आमच्या अज्जीचे बोल म्हणाली, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." तिच्या सासूबाई बघतच राहिल्या. मी म्हटले, "अहो, अंथरूण पाहून पाय पसरावे, तेच हे!"