पात्यावरचे नाव

माणसाच्या खिशात काय असते यावरून त्याच्या काळाची परीक्षा करता येते. आमच्या आजोबांच्या पिढीत कोटाच्या खिशात तपकिरीची डबी, साखळीचे घड्याळ आणि घडीचा चाकू या तीन वस्तू ठरलेल्या असत. डबी गेली, घड्याळ मनगटावर गेले आणि तिथूनही आता फोनमध्ये शिरले. चाकू कुठे गेला, हे मात्र कोणी विचारलेच नाही. तो माझ्याकडे आला आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खणात आज असे एकतीस चाकू आहेत. बेळगावच्या आणि गोव्याच्या जुन्या बाजारांतून, मोडीत निघालेल्या सामानातून, क्वचित एखाद्या स्नेह्याच्या माळ्यावरून ते एकेक करून आले. वकिलाच्या खणात चाकू म्हटले की लोकांना आधी मुद्देमाल आठवतो आणि मग रामपुरी. सौभाग्यवतींचा आक्षेप याहून व्यवहारी आहे. घरात एकतीस चाकू असून भाजी चिरायला त्यातला एकही मिळत नाही, तो छंद कसला, असे त्या विचारतात. या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही.

पण हे चाकू भाजीसाठी जन्मलेच नव्हते. इंग्रजीत अशा लहान चाकूला आजही ‘पेननाइफ’ म्हणतात, कारण पिसाच्या लेखणीचे टोक तासणे हे त्याचे मूळ काम. आपल्याकडे तेच काम बोरूसाठी करावे लागे. बोरूचे टोक तिरके छाटायचे, मधोमध चीर द्यायची, लिहिता लिहिता ते बोथट झाले की पुन्हा तासायचे. हे सारे त्या बोटभर पात्याच्या भरवशावर चाले. म्हणजे हे हत्यार खरे पाहता लेखणीच्या कुळातले. ज्याचे पोट कागदावर चालते त्याला त्याचा लळा लागावा, यात नवल ते काय?

चांगल्या चाकूची पहिली ओळख कानाला पटते. नखाच्या खाचेत नख घालून पाते उघडावे. पाठीची कमान ताठ असेल तर ते शेवटी ‘टक्’ असा स्वच्छ आवाज करून जागेवर बसते. शंभर वर्षांनंतरही तो आवाज निघतो, तेव्हा ज्याने ती कमान बसवली त्या अज्ञात माणसाला मनोमन नमस्कार करावासा वाटतो. इंग्लंडमधील शेफील्ड गावाने अशा कारागिरांच्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या. तिथल्या जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्याने १८२२ साली त्या वर्षाच्या आकड्याइतकी, म्हणजे १८२२ पाती असलेला एक चाकू केला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ७५ पात्यांचा दुसरा मांडला. त्या चाकूंनी कोणी पेरू कापल्याची नोंद नाही. वैभवाचे प्रदर्शन वेगळे आणि खिशातली सोबत वेगळी. मला दुसरीच प्रिय आहे.

कानानंतर डोळ्याची पाळी. पाते मुठीत जिथे शिरते, तिथे बुडाशी भिंगाखाली वाचावी लागणारी अक्षरे असतात. हा त्या वस्तूचा दस्तऐवज. १६२४ साली इंग्लंडच्या संसदेने कायदा करून शेफील्डच्या परिसरातील चाकू-कात्री करणाऱ्यांचा संघ स्थापला आणि कारागिरांच्या चिन्हांची राखण त्याच्याकडे आली. रॉजर्सचे तारा आणि माल्टाचा क्रूस हे चिन्ह १६८२ साली नोंदलेले. ते पुढे या घराण्याकडे आले. मुकुटासह व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे असतील, तर तो माल १८३७ ते १९०१ यांमधला मानावा. अमेरिकेने १८९० साली जकातीचा कायदा करून आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून ‘इंग्लंड’ असा शब्द उमटलेला चाकू बहुधा त्यानंतरचा. आणि न गंजणारे पोलाद शेफील्डमध्येच १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांच्या हातून घडले. तेव्हा ‘स्टेनलेस’ अक्षरे मिरवणारा चाकू पणजोबांचा म्हणून विकायला आला, तर विक्रेत्याला नमस्कार करून पुढे चालू लागावे.

म्हणूनच जुना चाकू घासूनपुसून लखलखीत करणाऱ्या माणसाचा मला राग येतो. जुन्या पोलादावर फळांच्या आणि सुपारीच्या रसाने जो निळसर करडा पापुद्रा चढतो, तो मळ नव्हे. तो वापराचा जबाब आहे. ताजा गंज थेंबभर तेलाने हळुवार काढावा आणि तिथेच थांबावे. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या पात्याची अक्षरे पुसट होतात. न्यायालयात याला पुराव्याशी छेडछाड म्हणतात.

या वस्तूंच्या सौंदर्याची किंमत कोणी मोजली, हेही विसरता येत नाही. शेफील्डमध्ये कोरड्या चाकावर धार लावणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसात दगडाची आणि पोलादाची धूळ जाई. तो सरासरी जेमतेम पस्तीस वर्षे जगे, असे तिथल्या डॉ. नाइट यांच्या आधारे एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. मुठींचा हस्तिदंतही कुठल्यातरी हत्तीचा प्राण घेऊनच आला. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ साली दुरुस्त्या होऊन आधी भारतीय आणि मग आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. तशी मूठ दिसली की मी हात मागे घेतो. शिंगाची, हाडाची वा लाकडाची मूठ मला पुरेशी आहे.

नावाला मोल आले की नकलेला ऊत येतो. जर्मनीतून शेफील्डच्या नावांशी मिळतीजुळती नावे कोरलेला माल येऊ लागला, तेव्हा इंग्लंडने १८८७ साली व्यापारचिन्हांचा कायदा कडक केला. हिंदुस्थानातही १८८९ साली तसाच कायदा झाला. पुढे १९२४ साली जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्याने रॉजर्स याच आडनावाच्या दुसऱ्या व्यापाऱ्यावर दावा लावला. त्यात न्यायमूर्ती रोमर यांनी केलेला भेद आपल्या न्यायालयांतही दाखल्यादाखल निघतो. आपल्या नावाने प्रामाणिकपणे धंदा करण्याची मोकळीक माणसाला आहे. पण आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपेल अशा रीतीने त्यावर नाव घालण्याची मोकळीक कोणालाही नाही, मग ते नाव त्याचे स्वतःचे का असेना. विद्यार्थिदशेत हा निवाडा मी परीक्षेपुरता वाचला. त्याचा अर्थ कळला तो पुढे, दोन भावांच्या वाटणीच्या वेळी.

शेत, घर, भांडी यांची विभागणी ठरली होती. अडले ते आजोबांच्या चाकूपाशी. आजोबा गावचे कुलकर्णी; सारे दप्तर त्यांनी बोरूने लिहिले. दोघेही भाऊ म्हणत, “रॉजर्सचा अस्सल चाकू आहे, तो मला हवा.” माझा छंद ठाऊक असल्याने तो माझ्यापुढे ठेवण्यात आला. मी भिंग लावले. रॉजर्सच्या इंग्रजी नावातले ‘डी’ हे अक्षर त्यावर नव्हते, देशाचे नाव नव्हते, ताऱ्याशेजारी क्रुसाऐवजी फूल होते. मी क्षणभर थांबलो. घरात तीन पिढ्या जपलेला विश्वास मोडण्याचे काम वकिलाच्या फीमध्ये धरलेले नसते. तरीही नावाची गोष्ट होती. मी खरे ते सांगितले.

धाकटा खाली मान घालून बसला. थोरल्याने चाकू उचलला आणि शांतपणे म्हणाला, “वकीलसाहेब, चाकू खोटा असेल, पण आजोबांनी त्याने तासलेल्या बोरूने लिहिलेली एक ओळही खोटी नव्हती.”

मी पुन्हा पाहिले. मोठे पाते जवळजवळ कोरे होते. लेखणीचे लहान पाते मात्र धार लावून लावून अर्ध्यावर आले होते. ती झीज कुठल्याही कारखान्याला बनवता आली नसती. नाव घालणाऱ्याने लबाडी केली होती, वापरणाऱ्याने नव्हे. आणि पाते एकच असले तरी या दोघांचे खाते वेगळे आहे.

कुलदैवताच्या पूजेची जशी पाळी असते, तशी चाकूची पाळी ठरली. एक वर्ष थोरल्याकडे, एक वर्ष धाकट्याकडे. तडजोडपत्रात वस्तूचे वर्णन मी स्वतः लिहिले: ‘घडीचा चाकू, नग एक, जुना, दोन पात्यांचा, आजोबांचा.’ रॉजर्सचे नाव घातले नाही. ‘आजोबांचा’ या शब्दाला मात्र दोघांपैकी कोणीही पुरावा मागितला नाही.