चित्रातले कान



या घटकात आपण शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाचा विचार करीत आहोत. पारिभाषिक विवेचन पुढील पानांत येईलच. तत्पूर्वी मला माझा एक अनुभव आपणांस सांगावयाचा आहे. त्यात एक अद्भुतरम्य कादंबरी आहे, तिच्या सचित्र आवृत्त्यांवर जीव टाकणारी काही माणसे आहेत, आणि एका संपर्क सत्रात माझ्या हातून घडलेली एक चूक आहे.

कादंबरी आहे जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द हॉबिट’. २१ सप्टेंबर १९३७ रोजी ती इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या मुद्रणाच्या प्रती होत्या अवघ्या १५००, आणि त्या डिसेंबरपर्यंत संपल्या. जमिनीतल्या बिळात सुखासमाधानाने राहणारा बिल्बो नावाचा एक ठेंगणा गृहस्थ तेरा बुटक्यांच्या संगतीने घराबाहेर पडतो आणि ड्रॅगनने बळकावलेल्या खजिन्यापर्यंत जाऊन पोहोचतो, एवढेच तिचे कथानक.

मी या कादंबरीकडे वळलो तो मात्र कथानकासाठी नव्हे. टोल्किन हे ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि तरुणपणी त्यांनी ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या संपादनातही काम केले होते. त्यांनीच सांगितलेली हकिकत अशी की, उत्तरपत्रिका तपासता तपासता एका विद्यार्थ्याने कोरे सोडलेले पान त्यांच्यासमोर आले आणि त्यावर त्यांनी बिळात राहणाऱ्या ‘हॉबिट’विषयी एक वाक्य लिहिले. हॉबिट म्हणजे काय, हे त्या क्षणी त्यांनाही ठाऊक नव्हते. शब्द आधी आला, त्याचा अर्थ शोधण्यासाठी पुढे कादंबरी लिहावी लागली. पीएच.डी.च्या प्रबंधात बुडालेल्या माझ्यासारख्या तरुणाला एवढे आकर्षण पुरेसे होते. तेव्हापासून हे पुस्तक मी किमान दहा-बारा वेळा वाचले असेल.

आमच्या गावात या पुस्तकाचे आणखी तीन चाहते आहेत: बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी, शाळेतील एक चित्रकला शिक्षक आणि पुस्तकबांधणीचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ. महिन्यातून एका रविवारी आम्ही अधिकाऱ्यांच्या घरी जमतो. तेथील दंडक असा की, चहाचे कप खिडकीत ठेवायचे आणि हात कोरडे करूनच पुस्तकाला स्पर्श करायचा. मग टेबलावर निरनिराळ्या आवृत्त्या उघडल्या जातात. स्वतः टोल्किन यांनी काढलेले नकाशे आणि कृष्णधवल चित्रे एकीकडे, १९९७ च्या आवृत्तीतील ॲलन ली यांची धूसर, पावसाळी रंगांची जलरंगचित्रे दुसरीकडे. याच ली यांनी १९९१ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी पन्नास चित्रे केली होती. कोणाला ड्रॅगनचा रंग भडक वाटतो, कोणाला डोंगर फार उंच वाटतात. बांधणीवाले गृहस्थ चित्राआधी पुस्तकाची शिवण पाहतात. या वादांत दोन तास कसे सरतात, ते कळत नाही.

या मेळ्यात माझी भूमिका सदैव विरोधी पक्षाची असे. शब्द पुरेसा आहे, चित्र ही वाचकाच्या कल्पनेवर केलेली कुरघोडी आहे, असे माझे म्हणणे. या म्हणण्याला प्रत्यक्ष लेखकाचाच आधार होता. १९३९ मध्ये दिलेल्या परीकथाविषयक व्याख्यानाला पुढे जोडलेल्या एका टिपेत टोल्किन म्हणतात की, कथेत डोंगर आणि नदी असे शब्द आले, तर प्रत्येक श्रोता आपण पाहिलेल्या डोंगरांतून आणि नद्यांतून स्वतःचे दृश्य घडवतो. चित्रकार मात्र आपला एकच डोंगर सर्वांपुढे ठेवतो. तेव्हा परीकथेला चित्रांचा फारसा लाभ नाही. ज्याने स्वतःच्या कादंबरीसाठी वेष्टनापासून नकाशांपर्यंत सारे हाताने रेखाटले, त्यानेच असे लिहावे ही विसंगती माझे मित्र दाखवून देत. मी ती हसण्यावारी नेई.

आता त्या संपर्क सत्राकडे येतो. विषय हाच होता. शब्दाचा अर्थ ‘जाती’ की ‘व्यक्ती’? आपल्या व्याकरणपरंपरेतील हा जुना वाद आहे. ‘गाय’ म्हटल्यावर सर्व गायींना समान असे काही कळते, असे वाजप्यायनाचे मत. ती विशिष्ट गायच कळते, असे व्याडीचे. उदाहरणादाखल मी माझा आवडता सिद्धान्त मांडला: शब्द जातीवाचक असतो म्हणून वाचक स्वतंत्र राहतो, चित्र व्यक्ती दाखवते म्हणून वाचक बांधला जातो. आणि ओघात ‘द हॉबिट’चे नाव घेतले.

मागच्या बाकावरून एक विद्यार्थिनी उभी राहिली. त्या एसटीमध्ये वाहक होत्या. वय चाळिशीच्या आसपास. मुलासाठी रद्दीच्या दुकानातून घेतलेली ‘द हॉबिट’ची सचित्र प्रत मुलाने अर्ध्यावर टाकली होती, ती आता त्या मुक्कामाच्या गाडीवर असताना रात्री वाचत होत्या. त्या म्हणाल्या, “सर, माझं इंग्रजी कच्चं आहे. मी आधी चित्र बघते, मग त्यातलं काय काय लिहिलंय ते शब्दकोशात शोधत जाते.”

मी म्हणालो, “मग ताई, तुम्ही कादंबरी वाचत नाही आहात, पाहत आहात.”

वर्ग हसला. त्याही किंचित हसल्या आणि खाली बसल्या. त्या दिवशी त्यांनी पुन्हा तोंड उघडले नाही. वाक्य चटपटीत साधले म्हणून मी मनाशी खूष होतो, हे आज लिहिताना संकोच वाटतो. पण ते खरे आहे.

पुढच्या सत्रात तास संपल्यावर त्या टेबलापाशी आल्या. पुस्तक पिशवीतून काढले. त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते.

“सर, या चित्रात बिल्बोचे कान टोकदार आहेत. मुलाच्या मित्राकडे दुसरं पुस्तक आहे, त्याच्यावरही तसेच. मला वाटलं, आपल्याच वाचण्यात काहीतरी सुटलं. म्हणून सुरुवातीचं ते वर्णन तीनदा वाचलं. पोट आहे, कुरळे केस आहेत, लांब बोटं आहेत, पायांवरची लव आहे. कान नाहीतच. मग चित्रकाराला कसं कळलं?”

मी पुस्तक हातात घेतले आणि तो परिच्छेद वाचला. त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्या वर्णनात कानांचा उल्लेखच नाही.

मित्रहो, मला निरुत्तर केले ते या प्रश्नाने नव्हे. माझ्या मनातल्या बिल्बोचेही कान टोकदारच होते. केवळ शब्दांतून आपला हॉबिट घडवला, असा अभिमान बाळगणारा मी, ते कान कुठल्यातरी मुखपृष्ठावरून नकळत उचलून आणले होते आणि दहा-बारा वाचनांत ते मला एकदाही लक्षात आले नव्हते. ज्यांना मी ‘पाहणाऱ्या’ म्हणून हिणवले, त्यांनी चित्र पाहून शब्द तपासला होता. मी शब्द वाचत असल्याच्या भ्रमात चित्रच पाहत होतो.

घरी येऊन मी टोल्किन यांचा १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला पत्रसंग्रह काढला. १९३८ मध्ये अमेरिकन प्रकाशकाने हॉबिट दिसतो कसा, याची विचारणा केली होती. उत्तरादाखल लिहिलेल्या पत्रात कान थोडेसेच टोकदार असल्याचे लेखकाने कळवले आहे. म्हणजे कादंबरीने जे सांगितले नव्हते, ते चित्राच्या गरजेमुळे लेखकाला सांगावे लागले. याच पत्रात त्यांनी आणखी एक कबुली दिली आहे. खजिन्यावर पहुडलेल्या ड्रॅगनच्या आपल्याच चित्रात बिल्बो फार मोठा झाला आहे, असे ते म्हणतात. मात्र आपल्या मुलांना त्याचे कारण उमगते, अशी पुस्तीही जोडतात: ड्रॅगनला बिल्बो दिसत नाही, म्हणून तो जणू वेगळ्याच चित्रात उभा आहे.

चूक भर वर्गात झाली होती, तेव्हा दुरुस्तीही वर्गातच करणे प्राप्त होते. पुढच्या सत्राच्या आरंभी मी सर्वांसमोर त्या विद्यार्थिनीची क्षमा मागितली आणि पत्रातील मजकूर सांगितला. त्यांनी मान हलवली. मग पुस्तक उघडून पुढचा प्रश्न विचारला: भुयारातल्या तळ्यावर भेटणारा तो गॉलम, तो नेमका केवढा?

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. फक्त त्याचा अर्थ मी इतकी वर्षे लावला नव्हता. १९६२ मध्ये या कादंबरीचा स्वीडिश अनुवाद निघाला. त्याची चित्रे ‘मूमिन’ कथांच्या जनक, फिनलंडच्या तूव्हे यान्सॉन यांनी काढली. त्यांचा गॉलम बिल्बोच्या कितीतरी पट उंच, अक्राळविक्राळ आहे. चाहते त्याला आजही हसतात. परंतु यान्सॉन यांनी मूळ संहितेचा कोणताही अवमान केला नव्हता. तोवरच्या आवृत्त्यांत गॉलम अंधारासारखा काळा असल्याचे लिहिले होते, तो लहान की मोठा हे सांगितलेच नव्हते. १९६६ च्या सुधारित आवृत्तीत लेखकाने तो लहानसा असल्याचा उल्लेख घातला. मजकुरात कुठे मोकळी जागा आहे, हे अशा चित्राइतके लख्ख दुसरे काय दाखवणार?

म्हणून आज मी चित्राला कुरघोडी म्हणत नाही. चित्र हे एका वाचकाने केलेले भाष्य आहे. भाष्य वाचून मूळ ग्रंथ टाकून द्यायचा नसतो, आणि भाष्याला न भिता पुन्हा मुळाकडे जायचे असते. शब्दाचा अर्थ जाती की व्यक्ती, या प्रश्नावर पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच ‘दोन्ही’ असे उत्तर देऊन ठेवले आहे. ते मी पंचवीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्याचा एक अर्थ मात्र मला एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने कळला.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून अभ्यास करीत आहात. आपली वाचनाची रीत कच्ची आहे, इतरांची खरी, असे आपणांस वाटत असेल. कोणी चित्रावरून शब्दाकडे जातो, कोणी अनुवादावरून मुळाकडे, कोणी मुलाच्या पाठ्यपुस्तकावरून आपल्या पुस्तकाकडे. यांतील कोणतीही वाट कमी प्रतीची नाही, मात्र ती अखेरीस पानावरील शब्दांपाशी यावी. तेथे आल्यावर “हे कुठे लिहिले आहे?” एवढा एकच प्रश्न विचारावा. समोर प्राध्यापक असला तरी विचारावा.

त्या विद्यार्थिनी आता, रविवारी सुट्टी मिळाली की, आमच्या बैठकीला येतात. चहाचा कप खिडकीत ठेवतात, हात पुसतात आणि वर्तमानपत्राच्या कव्हरातली आपली प्रत इतर आवृत्त्यांच्या शेजारी उघडून ठेवतात. बांधणीवाल्या गृहस्थांनी तिची उसवलेली पाने नव्याने शिवून दिली आहेत. त्यांच्या मागील महिन्यातील एका प्रश्नाचे उत्तर आम्हां चौघांपैकी कोणालाही देता आले नाही. आम्ही अजून शोधत आहोत.