मला काय धाड भरलीय?

'अहो, एकदा डॉक्टरांना दाखवून तरी या.'

'मला काय धाड भरलीय? आईच्या गुडघ्यांचे बघा आधी.'

हा संवाद कोणत्या मराठी घरात होत नाही? घर पुण्यात असो, नागपुरात असो की दूर कोलकात्यात, कर्ता पुरुष स्वतःच्या तब्येतीविषयी बोलायला तयार नसतो. आईची औषधे तो वेळेवर आणतो, मुलांच्या लसी चुकवत नाही. पण स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, हे त्याला आठवत नाही.

बदली होऊन कोलकात्यात स्थायिक झालेला असाच एक गृहस्थ. वय पंचेचाळिशीचे. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात कार्यक्रम असला की हौसेने राबणारा. गेल्या काही महिन्यांत मात्र त्याने तिकडे जाणे बंद केले. क्षुल्लक कारणावरून मुलावर ओरडू लागला. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. सिगारेटी वाढल्या. छातीत जळजळते म्हणाला, तर कचेरीतल्या बंगाली सहकाऱ्यांनी लगेच निदान केले, 'गॅस-अंबल!' या शहरात निम्म्या दुखण्यांना हेच नाव आहे. औषधाच्या दुकानातून गोळ्या आल्या आणि विषय संपला.

पण पत्नीच्या मनातून तो संपला नव्हता. पाड्यातले वयस्कर डॉक्टरबाबू सासूबाईंना तपासायला घरी आले, तेव्हा तिने चहा ठेवता ठेवता एवढेच म्हटले, 'यांचाही रक्तदाब बघता का जरा?' नाही म्हणायला सबबच उरली नाही. आकडा निघाला 160/100.

डॉक्टरांनी घाबरवले नाही. दंडाचा पट्टा सोडवत सहज विचारले, 'झोप कशी लागते?' मग कामाविषयी, कर्जाविषयी, मुलाच्या प्रवेशाविषयी. आठ वर्षे या घरात त्यांचे जाणे-येणे होते, म्हणून त्यांना हे विचारता आले. गृहस्थ बराच वेळ गप्प बसला आणि मग हळूच म्हणाला, 'कधी कधी वाटते, मी नसतो तरी काही अडले नसते.'

डॉक्टरांनी हे हसण्यावारी नेले नाही. 'जीव देण्याचा विचार मनात येतो का?' त्यांनी सरळ विचारले. असे विचारल्याने नको तो विचार डोक्यात येईल, ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारणारा कोणीतरी भेटला की माणसाचे ओझे हलके होते. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा रडला. त्याच्या संमतीने पत्नीला विश्वासात घेतले गेले, मनोविकारतज्ज्ञांची वेळ ठरली आणि दर शनिवारी चेंबरमध्ये यायचे, असे डॉक्टरांनी बजावले.

असे प्रसंग अपवादात्मक नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत दर शंभरांमागे जवळजवळ 72 पुरुष होते. पुरुषांचे नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ते चिडचिडीतून, दारूतून, अंगदुखीतून, उशिरापर्यंत कामात बुडून राहण्यातून दिसते. हा बदल कोण ओळखणार? घरातली माणसे, आणि त्या माणसाला आधीपासून ओळखणारा डॉक्टर.

अशा डॉक्टरांची कोलकात्याला मोठी परंपरा आहे. डॉ. बिधानचंद्र रॉय 1948 पासून 1962 पर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते, पण रोग्यांना विनामूल्य तपासण्याचा नेम त्यांनी त्या काळातही सोडला नाही. 1943 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी 21 दिवसांचे उपोषण केले, तेव्हा त्यांची प्रकृती पाहणाऱ्या डॉक्टरांत रॉयही होते. रोग्याकडे नुसते पाहून, त्याचे बोलणे ऐकून ते निदान करीत, अशी त्यांची ख्याती होती. 1 जुलै हा त्यांचा जन्मदिवस आणि मृत्युदिवसही. तो आपल्याकडे डॉक्टर दिन म्हणून पाळला जातो.

निरखून पाहणे आणि ऐकून घेणे यांची गरज आज यंत्रांच्या काळातही कमी झालेली नाही. विशेषतः एका विषयात तर ती फारच आहे. लैंगिक दुर्बलता जाणवली की पुरुष भिंतीवरच्या जाहिराती वाचून भलत्याच ठिकाणी पैसे ओततो. वास्तविक ही तक्रार मधुमेहाची किंवा हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते, कारण रक्तवाहिन्यांचा बिघाड कधी कधी आधी इथेच जाणवतो. घरच्या डॉक्टरांना दोन मिनिटे संकोच सोडून सांगितले, तर पुढचे मोठे संकट टळू शकते.

मग करावे काय? तिशीनंतर रक्तदाब व रक्तातील साखर नियमित तपासावी. कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. तंबाखू आणि सिगारेट सोडायची असेल, तर डॉक्टरांची मदत घेण्यात कमीपणा नाही. पन्नाशीनंतर रात्री वारंवार लघवीला उठावे लागत असेल, तर 'वयाचे आहे' म्हणून गप्प बसू नये. जिना चढताना छाती दाटून येत असेल, तर डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. छातीत दुखण्याबरोबर घाम फुटला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले, तर तो गॅस न समजता ताबडतोब रुग्णालय गाठावे. मन फारच खचले आणि जवळ कोणी नसेल, तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आणि घरातल्या माणसांनी? 'पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय?' हे वाक्य कायमचे विसरावे. मागे लागून भांडण्यापेक्षा सोबत जावे.

कोलकात्याचा तो गृहस्थ सुरुवातीला पत्नीच्या आग्रहाखातर चेंबरमध्ये जात असे. रक्तदाब हळूहळू ताब्यात आला, झोपही सुधारली. नैराश्यावरचे उपचार अजून चालू आहेत आणि कधी कधी एखादा दिवस वाईट जातोच. पण आता शनिवार आला की त्याला आठवण करून द्यावी लागत नाही. संध्याकाळी तो स्वतःच चप्पल पायात सरकवतो आणि म्हणतो, 'डॉक्टरबाबूंकडे जाऊन येतो गं.'